बटणाखालचा तांदूळ

एका धरणावर एक चौकी होती आणि त्या चौकीत विश्राम नावाचा भित्रा माणूस कामाला होता. काम तसं सोपं. खालच्या गावाच्या काठावर दिव्यांचा मोठा फलक होता. नदी ओलांडायची की नाही, हे गाव फलक वाचून ठरवायचं. फलकावरचा मजकूर विश्राम चौकीतल्या संगणकावर लिहायचा.

त्या संगणकाला माऊस नव्हता. लिहिणं सुरू करायचं बटण वेगळं, लिहिणं थांबवायचं वेगळं, मजकूर पाठवायचं वेगळं. थांबवल्याशिवाय पाठवता येत नसे. आधीचा माणूस निवृत्त होताना बजावून गेला होता, "एवढी बटणं पाठ कर. बाकीच्यांना बोट लावलंस तर काय होईल, सांगता येत नाही." विश्रामनं ते गुरुमंत्रासारखं धरून ठेवलं. पडद्याच्या तळाशी एक ओळ असायची, 'अडलात तर मदतीचं बटण दाबा.' ती रोज दिसायची, म्हणून त्यानं कधी वाचलीच नाही.

खंडेनवमीला त्यानं संगणकाची यथासांग पूजा केली. कीबोर्डवर हळद-कुंकू, झेंडूची फुलं आणि मूठभर अक्षता वाहिल्या. हात जोडून म्हणाला, "बाबा रे, दगा देऊ नकोस." भक्ती जरा जास्तच झाली. अक्षतांतला एक तांदूळ घरंगळून लिहिणं थांबवायच्या बटणाखाली जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी दसरा. देवीची पालखी सीमोल्लंघनाला नदीपलीकडे जाणार होती. फलकावर आदल्या दिवसाचा मजकूर होता, 'नदी शांत. ओलांडण्यास हरकत नाही.' विश्रामची बायको मंजुळा कलश घेऊन पालखीच्या पुढे चालत होती.

दुपारी धरणातल्या पाण्याची पातळी बघणाऱ्या तानूबाई धापा टाकत आल्या. "विश्रामभाऊ, वर ढगफुटी झाली! सांडव्यावरून पाणी सुटलंय. फलक बदला आधी!"

खिडकीतून खाली पालखी नदीत उतरताना दिसत होती. विश्रामनं घाईघाईनं लिहिलं, 'थांबा. पूर येतोय. मागे फिरा.' मग थांबवायचं बटण दाबलं. बटण खाली जाईना. जोर लावला, तरी जाईना. पाठवायचं बटण दाबलं, तर मजकुरापुढे नुसतीच नको ती चिन्हं उमटू लागली. धावत जावं, तर पाणी त्याच्याआधी पोचणार. फोन करावा, तर ढोलांच्या आवाजात तो ऐकणार कोण?

"काय झालं हो, भाऊ?"

"अडलंय."

"मग आता?"

विश्रामची नजर पडद्याच्या तळाशी गेली आणि मदतीची ती ओळ त्यानं पहिल्यांदा वाचली. पण बोट पुढे होईना. लिहिलेलं सगळंच पुसलं गेलं तर? तेवढ्यात वरून पाण्याचा घोंगावता आवाज आला. त्यानं डोळे मिटून मदतीचं बटण दाबलं.

पडदा अक्षरांनी भरून गेला. त्याचा मजकूर दिसेनासा झाला. "गेलं! सगळं गेलं!" तो ओरडला. आता हाताला लागेल ते बटण बडवावं असं त्याला वाटलं. पण भीतीनं बोटंच हलेनात, म्हणून नाइलाजानं डोळे वाचू लागले. पहिलीच ओळ होती, 'तुमचा मजकूर या पानाखाली सुखरूप आहे.' त्याखाली पान कसं मिटवायचं, एका शब्दावरून त्याच्या माहितीत कसं जायचं आणि तिथून मागे कसं यायचं, हे लिहिलेलं होतं.

तो एका शब्दावर गेला. भलतंच पान उघडलं. त्यातून आणखी भलतं. आपण कुठे आहोत, हेच त्याला कळेना. घाम डोळ्यांत उतरला. मग मागे यायचं बटण आठवलं. तो मागे आला, 'लिहिणं थांबवणे' यावर गेला आणि तिथे वाचलं, 'हे बटण चालत नसेल तर खाली दाखवलेली दोन बटणं एकत्र दाबा.' त्यानं ती दाबली, पान मिटवलं, नको ती चिन्हं पुसली आणि मजकूर पाठवला.

खाली ढोल थांबले. पालखी नदीच्या मध्यावरून मागे वळली. माणसं एकमेकांचे हात धरून काठाकडे धावली आणि वळणावरून लाल पाणी आलं. देवीची छत्री वाहून गेली. माणसं तेवढी वाचली.

संध्याकाळी मंजुळा ओल्या लुगड्यानं चौकीत आली. "अहो, फलक बदलायला एवढा वेळ का लागला? पाणी माझ्या कमरेला आलं होतं."

विश्रामला तिच्याकडे बघवेना. "उपाय समोर लिहिलेला होता गं. मी यंत्रावर हळद-कुंकू वाहिलं, तो वाचला मात्र नाही."

तिनं सोनं म्हणून आपट्याचं पान त्याला दिलं. सवयीनं तो ते कीबोर्डवर वाहायला निघाला. तिनं त्याचा हात धरला.

तात्पर्य: हत्यारापुढे हात जोडण्याआधी ते अडलं तर काय करायचं, हे शिकून घ्यावं. मदत समोर असून जो भीतीपोटी ती वाचत नाही, त्याच्या भीतीपायी दुसऱ्यांचे जीव धोक्यात येतात.