अर्धवट उठलेला माणूस

एक व्यापारी नदीकाठी चुन्याच्या दोन भट्ट्या चालवीत असे. दर पौर्णिमेला तो सर्व कामगारांची सभा भरवी. तो बोलत राही आणि माणसे बसल्याजागी पेंगत. अखेर कंटाळून त्याने एका वृद्ध गुरूंच्या तरुण शिष्याला सभेचे काम सोपवले.

शिष्य हुशार, जिभेवर साखर. त्याने सभेत झांजा आणल्या, नकला आणल्या, चांगल्या कामगाराला फेटा बांधण्याची प्रथा पाडली. शेवटी तो हात उंचावून विचारी, "कुणाला काही सांगायचंय?" हात खाली आला की झांजा झडत आणि माणसे हसत घरी जात. व्यापारी खूश, शिष्य त्याहून खूश. सभा रंगली म्हणजे सगळे आलबेल आहे, असे दोघांनीही मनाशी ठरवून टाकले.

मग एका सकाळी थोरली भट्टी ढासळली. आत दगड रचणारे दोघे जण जागीच गाडले गेले.

त्यांचे दहावे-तेरावे उरकताच व्यापारी म्हणाला, "उद्या धाकटी भट्टी भरायची. माणसं आत उतरायला धजत नाहीत. त्यांची भीती पळेल अशी सभा घे."

शिष्याचे मन त्याला खात होते. धाकटी भट्टी धड आहे की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. आपल्या शब्दावर माणसे आत उतरतील, एवढे मात्र ठाऊक होते. त्याने गुरूंना सभेला बोलावून आणले.

त्या दिवशी नकलेला कोणी हसले नाही. शिष्याने कसेबसे भाषण संपवले, हात उंचावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. हात खाली येणार, तोच गुरूंनी उठून त्याचे मनगट वरच्या वर धरले.

झांजवाले गोंधळले. व्यापारी पुटपुटला, "महाराज, हात सोडा त्याचा, सभा संपली." गुरूंनी सोडला नाही. शिष्याचा दंड भरून आला, कपाळावर घाम जमला. सगळी सभा त्या उंच हाताकडे पाहत गप्प बसली होती. ती शांतता शिष्याला सोसवेना.

तेव्हा मागून एक बाई उठली. मेलेल्या दोघांपैकी एकाची ती बायको होती.

"धाकट्या भट्टीलाबी तडा हाय," ती म्हणाली. "आमच्या मालकांनी दोन्हीकडचे तडे मला दावले व्हते. मागल्या सभंत सांगाया उठतच व्हते. गुडघ्यावर हात ठिवून अर्धे उठले, तवर तुमच्या झांजा वाजल्या. मंग बसले खाली."

गुरूंनी आता मनगट सोडले. "बाळ," ते म्हणाले, "प्रश्न तू दर वेळी विचारलास, उत्तराला जागा मात्र कधीच ठेवली नाहीस. कष्टकरी माणूस चारचौघांत बोलायला उठतो, तेव्हा आधी त्याला स्वतःच्या भीतीशी झगडावे लागते. तेवढा वेळ शांत उभे राहणे तुला जड गेले. लोकांना हसवणे सोपे असते. ते बोलेपर्यंत थांबणे, हेच सभा घेणाऱ्याचे खरे काम."

व्यापाऱ्याने खालच्या मानेने भट्टी भरण्याचा बेत रद्द केला. माणसे उठून पांगली. शिष्य त्या बाईजवळ गेला. अजूनही त्याला स्वतःचा थोडा बचाव हवा होता.

"ताई, सभा संपल्यावर तरी त्यांनी माझ्याकडे यायचं होतं. मी ऐकलं असतं."

"म्याबी त्येच म्हनलं त्यांना," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच शिष्याला अधिक लागले. "तर म्हनले, आज लोक कवा न्हाई ते हसल्यात, पोरगंबी खुशीत हाय. कशाला इरस करायचा? फुडल्या सभंत सांगतो."

पुढची सभा म्हणजे आजचीच होती.