पाच, सात

खूप खूप जुनी गोष्ट. एका राजधानीत सगळ्या प्रजेची मिळून एक पोथी होती. ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते येऊन लिहावे, कुणाचे चुकले असेल तर खरवडून दुरुस्त करावे, अशी मोकळीक होती. ती पोथी म्हाळसा नावाची बाई सांभाळत असे.

त्र्यंबकशास्त्री आणि विसोपंत तिथे रोज लिहायला येत. दोघेही विद्वान, दोघेही कष्टाळू. पण शास्त्री आधी तिथी लिहीत, मग महिना. पंत आधी महिना, मग तिथी. तेही नुसत्या आकड्यांत. शास्त्रींची पाठ वळली की पंत त्यांचे आकडे खरवडून उलटे करीत. दुसऱ्या दिवशी शास्त्री ते पुन्हा फिरवीत.

म्हाळसाला सगळे दिसत होते. पण एवढ्या मोठ्या माणसांना बोलायचे कसे?

पावसाळ्यातल्या एका सकाळी कुंभारवाडीची गोदाक्का धापा टाकीत आली.

"बाई, वरच्या तलावाची दारं यंदा कधी उघडणार? त्या दिवशी आमच्या वाडीत पाणी शिरतं. चार दिवसांमागं माझ्या दिरानं वाचलं तेव्हा 'सात, पाच' होतं. काल शेजारी म्हणतो, 'पाच, सात' आहे. खरं काय समजायचं?"

म्हाळसाने पान काढले. 'पाच, सात.' सातव्या महिन्याची पाचवी तिथी, की पाचव्या महिन्याची सातवी? पाचव्या महिन्याची सहावी तर आजच होती!

तिने दोघांना बोलावून घेतले. "यावर शेवटचा हात कुणाचा?"

"माझा नसावा," शास्त्री म्हणाले. "मी फिरवलं होतं, पण यांनी पुन्हा..."

"मला आठवत नाही," पंत पुटपुटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

तलाव एका दिवसाच्या वाटेवर. विचारून यायला सवड नव्हती.

"अक्का, आत्ताच्या आत्ता वाडी रिकामी करा," म्हाळसा म्हणाली. "उद्या पाणी नाही आलं तर शिव्या मला घाला."

दोघे विद्वानही वाडीकडे धावले. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन ते टेकडी चढले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आले. माणसे वाचली, गुरे वाचली. घरे आणि वर्षभराची मडकी मात्र वाहून गेली. गोदाक्का टेकडीवरून बघत राहिली. त्या तिघांना तिच्याकडे बघवेना.

तेव्हापासून म्हाळसाने नियम घातला: महिन्याचे नाव अक्षरांत लिहायचे, आणि पहिल्याने जसे लिहिले असेल ते केवळ आपल्या आवडीसाठी बदलायचे नाही. त्याखाली पहिल्या दोन सह्या शास्त्री आणि पंतांच्या होत्या.

तात्पर्य: आपलीच पद्धत खरी करण्याच्या हट्टात वाचणाऱ्याचा विसर पडला, तर बरोबर लिहिलेलेही घात करते.