सुपाच्या विमानातला नारळ

मी आधीच सांगितलं होतं, पण कोंबडीचं कोण ऐकतं? त्या काळी पाखरांना विमानाचं खूळ लागलं होतं. माझ्या नवऱ्याने, म्हणजे रंगराव कोंबड्याने, टोपलीला दोन सुपांचे पंख आणि केरसुणीची शेपटी लावून घरीच विमान बांधलं. सरळ उडायचं झक्क. पण जत्रेत त्याला आकाशात कोलांटी मारायची होती. बगळेबुवांनी विमानाची पूजा केली आणि विमान उतरल्यावर वाढवू म्हणून नारळ टोपलीत सुटाच ठेवला.

विमान निघालं तशी मी मागून ओरडले, "अहो, नारळ काढा! उलटे झालात की शेपटीत अडकेल. मग वळवाल कशाने?"

"गप बसा वहिनी," बुवा म्हणाले. "देवाचा नारळ आहे, तारेल."

विमान उलटं झालं. नारळ गडगडत शेपटीत रुतला, केरसुणी हलेना. गरगरत विमान उकिरड्यात घुसलं. नवरा वाचला, तुरा तेवढा वाकडा झाला.

पंच बसले. नवऱ्याला बोलावं तर तो जखमी, नारळाला बोलावं तर तो देवाचा. बुवांनी डोळे मिटून विचारलं, "निघालेल्याला मागून हाक कुणी मारली?"

सगळ्या चोची माझ्याकडे वळल्या. निकालात लिहिलं, अपघातास कारण: गुणाबाई कोंबडी.