शिकारी मुंगीचा पाहुणचार

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात बेहड्याचे एक जुने झाड होते. झाडाच्या ढोलीत एक खार आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे आणि त्याच झाडाच्या मुळाशी, मातीखाली, एक मुंगी राहत असे. ही मुंगी म्हणजे आपल्या साखरेच्या डब्याभोवती रांग लावते ती नव्हे बरं का! ही शिकारी मुंगी. डोळे टपोरे, जबडे लांब चिमट्यासारखे पुढे आलेले. भक्ष्य दिसले की ती टुणकन उडी मारून त्याला धरी. नव्या राणी मुंगीचे गळतात तसे तिचे पंख नुकतेच गळले होते, संसार नवा होता आणि मदतीला अजून एकही लेक नव्हती. तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पांढऱ्या अळ्या, हीच तिची पिल्ले.

एका सकाळी खार दाणे गोळा करायला गेली असताना शंभर पायांची एक विषारी घोण सरपटत ढोलीत शिरली. मुंगी ढोलीजवळच्या फांदीवर शिकार शोधत फिरत होती. पिल्ले चिरकली मात्र, मुंगीने उडी घेतली आणि घोणीच्या डोक्यामागे असा डंख मारला की ती वळवळत खाली कोसळली. खार धापा टाकत आली, तिने पिल्लांना पोटाशी धरले. "मुंगीताई, तुझे हे उपकार मी कुठे फेडू गं?" ती म्हणाली. मुंगी हसली. "अगं, मी शिकारीलाच निघाले होते. मला शिकार मिळाली, तुला तुझी पिल्लं मिळाली. फेडायचं काय त्यात?"

पण खारीच्या मनातून ते जाईना. चारच दिवसांनी एक रानडुक्कर मुळे उकरत आले आणि त्याने मुंगीचे घर पार उलथेपालथे केले. बिचारी मुंगी एकेक अळी जबड्यात धरून दगडाच्या सावलीला नेत होती. खारीने ते पाहिले आणि ती झरझर खाली उतरली. "आता तू कुठेही जायचं नाहीस. तू माझी पिल्लं वाचवलीस, आता तुझी पिल्लं ती माझीच." खाली पडलेले बांबूचे एक पोकळ पेर तिने ओढत आणून दोन मुळांच्या मध्ये घट्ट बसवले. आत ओढ्याकाठचे ओले शेवाळ अंथरले. मुंगी आणि तिची चारही पिल्ले आत गेल्यावर तिने पेराचे तोंड मातीने लिंपून टाकले. हवेपुरती बारीक फट ठेवली. त्यातून मुंगीची मिशी तेवढी बाहेर येई. "डुक्कर नाही, साळुंकी नाही, कसली म्हणून भीती नाही!" खार समाधानाने म्हणाली.

मग सुरू झाला पाहुणचार. खार रोज पहाटे उठून मधाच्या पोळ्याचा इवलासा तुकडा आणी. कधी पिकल्या उंबराचा कण, कधी रसरशीत जांभळाचा गर. फटीतून आत ढकलून विचारी, "आवडलं ना, मुंगीताई?" आतून आवाज येई, "किती गं करतेस माझ्यासाठी!" खार शेपटी फुलवून घरी जाई. दोन दिवस गेले, चार गेले. आतला आवाज बारीक होत चालला.

शेजारच्या फांदीवर राहणाऱ्या साळुंकीच्या ते पहिल्यांदा लक्षात आले. "खारूताई, फटीतून येणारी ती मिशी पार लुळी पडलीय. तुझी पाहुणी मला काही बरी दिसत नाही," ती म्हणाली. खार तिच्यावर खेकसली. "तुझी नजर नको लावूस! किडे खाणारी तू, तुला काय करायची तिची काळजी?" साळुंकी मान वाकडी करून म्हणाली, "किडे खाते म्हणूनच सांगते. उपाशी किडा कसा दिसतो ते माझ्याइतकं कोणाला कळणार? आणि तुझ्या बांबूतून आंबल्याचा वास येतोय, तो बघ आधी."

खारीने फटीला डोळा लावला. आत मधाचे तुकडे जसेच्या तसे पडले होते. उंबराला बुरशी आली होती. शेवाळावर तीन अळ्या मलूल पडल्या होत्या. चौथी एका बाजूला होती, ती हलत नव्हती. मुंगी तिच्याजवळ बसली होती.

"मुंगीताई! अगं, तू काहीच खाल्लं नाहीस?" खारीला रडू फुटले.

"मला गोड चालत नाही, ताई. माझ्या पिल्लांना तर नाहीच नाही. आम्हाला ताजी शिकार लागते."

"मग बोलली का नाहीस?"

मुंगी म्हणाली, "तू इतक्या मायेने आणायचीस. तू रोज विचारलंस, आवडलं का. काय खातेस, असं कधी विचारलं नाहीस. आणि मीही सांगितलं नाही. तुझं मन मोडेल असं वाटलं. ती चूक माझी."

खारीने डोळे पुसले आणि ती तशीच गवतात धावली. एका नाकतोड्यावर झेप घेतली तो तोंडात मातीच आली. दुसऱ्याच्या मागे धावताना ती काट्यात शिरली. साळुंकी वरून खो खो हसली. "अगं बाई, दाणे वेचायचं काम आहे का ते? ज्याचं काम त्याला करू दे की!"

ते ऐकून खार थबकली. परत येऊन तिने मातीला पंजा लावला, पण लगेच मागे घेतला. "दार उघडलं आणि तुला काही झालं तर? तू परत आलीच नाहीस तर?"

"माझी पिल्लं इथेच आहेत, ताई," मुंगी म्हणाली. "तू त्यांच्यापाशी बस. मला जाऊ दे."

खारीने माती खरवडून काढली. मुंगी अडखळत बाहेर आली, उन्हात क्षणभर थांबली आणि गवतात दिसेनाशी झाली. खार पेराच्या तोंडाशी शेपूट आडवी टाकून बसली. साळुंकी जरा खाली सरकली तशी तिने दात दाखवले. "बघतेय नुसती," साळुंकी म्हणाली, "बघायचीही चोरी का?" सावल्या आखूड झाल्या, तरी मुंगीचा पत्ता नव्हता. खारीने तीनदा उठून पाहिले. अखेर सूर्य डोक्यावर आला तेव्हा गवत हलले. आपल्याहून मोठा रातकिडा जबड्यात धरून, ठेचकाळत, मुंगी येत होती.

तिने तो अळ्यांपुढे ठेवला. खारीला ते बघवेना, तिने तोंड फिरवले. पण ती तिथून उठली नाही. थोड्या वेळाने तिने चोरून पाहिले, तर तिन्ही अळ्या माना हलवत खात होत्या.

"मी तुझं एक पिल्लू घालवलं," खार हळूच म्हणाली.

"तीन राहिली ती तुझ्यामुळे," मुंगी म्हणाली. "आमची पिल्लं कोरड्यात जगत नाहीत. घर मोडलं त्या दिवशी तू हे ओलं शेवाळ अंथरलं नसतंस, तर एकही उरलं नसतं. मध नको, ताई. शेवाळ मात्र आणत जा. तुझे उपकार मी विसरायची नाही."

पुढे त्या अळ्यांनी कोष विणले आणि कोषांतून टपोऱ्या डोळ्यांच्या तीन लेकी बाहेर आल्या. कुठेही जायची त्यांना मुभा होती, पण त्यांनी त्याच बांबूच्या पेरात घर केले. त्याला पुन्हा कोणी दार लावले नाही. उरलेला मध खारीच्या पिल्लांनी बोटे चाटत संपवला. खार रोज सकाळी ओले शेवाळ घेऊन खाली उतरे आणि आधी विचारी, "मुंगीताई, आज काय हवंय?"

बहुतेक दिवशी आतून उत्तर येई, "काही नको गं. ये, बस जरा."

तात्पर्य : उपकाराची जाण ठेवावी, पण ते फेडताना आपल्याला काय आवडते ते देऊ नये, समोरच्याला काय हवे ते आधी विचारावे, आणि आपल्याला काय हवे तेही संकोच न करता सांगावे.