येसूचा भाऊ फणा बदलतो

काय गं वैशू, अजून डोळे टक्क उघडे? आणि बाळ्या, तू तर माझ्या पदरातच शिरलास. मगाशी मांडणीवरची भांडी वाजली म्हणून होय रे? वाजली आणि थांबली. आणि शेजारचा तो म्हणतो, जग बुडणार! त्याला दुसरं काम नाही. या, इकडे सरका. पाय पांघरुणात घ्या. गोष्ट सांगते, पण मधे बोलायचं नाही. हुंकार तेवढा द्यायचा.

एका गावाला एक राजा होता. मनाने चांगला होता हो, पण महा हट्टी. एकदा बोलला की बोलला. त्याच्या गावात घरांच्या भिंती जाडजूड, दगडमातीच्या. वर माळवद. माळवद म्हणजे काय, तर तुळयांवर फळ्या टाकायच्या आणि त्यांवर मातीचा जाड थर द्यायचा. दर साली पावसाच्या आधी लोक वर नवी माती टाकायचे. जुनी कुणी काढायचं नाही. खाली आजोबाने टाकलेली माती, तिच्यावर बापाची, तिच्यावर लेकाची. अशी घरं, बरं का!

मग एकदा काय झालं, धरणी हलली. हलली म्हणजे अगदी थोडी. भांडी वाजली, कोंबड्या ओरडल्या. राजाने विचार केला आणि म्हणाला, "जमीन हलते, म्हणजे ती हलकी झाली. तिच्यावर वजन ठेवा." झालं! लोकांनी माळवदांवर आणखी माती टाकली.

मग दुसऱ्यांदा हलली. भिंतींना तडे गेले. राजा म्हणाला, "वजन कमी पडलं." लोकांनी मातीवर दगड रचले.

मग तिसऱ्यांदा हलली. या खेपेला एका गोठ्याचं छतच खाली आलं. म्हैस बाहेर चरत होती म्हणून वाचली. राजा म्हणाला, "अजून वजन ठेवा!" मग लोकांनी जाती चढवली, उखळं चढवली, पाटे-वरवंटे चढवले. बायका म्हणाल्या, "अहो, दळायचं कशावर?" पण ऐकतो कोण!

हसताय काय? घाबरलेला माणूस असंच करतो. उगी.

तो गोठा होता येसूचा. येसू म्हणजे गावातली एक तरणी बाई. नवरा, म्हातारी सासू आणि एक तान्ही लेक, एवढं तिचं घर. गोठा पडला तेव्हा येसूने एक गोष्ट पाहिली. गोठ्याशेजारी भोपळ्याच्या वेलाचा मांडव होता. चार काठ्या आणि पाला. तो नुसता डुलला आणि उभा राहिला. मग माळवदावर जातं चढलं, तेव्हा तिने घरात येऊन पाळण्यातल्या लेकीकडे पाहिलं. पाळण्याच्या वर माळवद, माळवदावर माती, मातीवर दगड, दगडावर जातं. येसूने लेकीला उचललं आणि अंगणात सासूच्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "आता आपणच जाऊन विचारायचं."

कुणाला विचारायचं? तर तिच्या भावाला. येसूला सख्खा भाऊ नव्हता. नागपंचमीला बायका नागाला भाऊ मानतात ना? वारुळाशी जाऊन दूध-लाह्या ठेवतात. येसू लहानपणापासून दर पंचमीला सांगायची, "नागदादा, तूच माझा भाऊ." आणि हा नाग साधासुधा नव्हे, बरं का. अख्खी पृथ्वी डोक्यावर घेऊन बसलेला, हजार फण्यांचा.

मग येसू वारुळाशी गेली. म्हणाली, "दादा, मी येसू. वाट दे." वारूळ उघडलं. आधी लागली मुळं. ती बाजूला झाली. मग लागलं पाणी. ते दुभंगलं. मग लागला अंधार. त्यात दोन डोळे लुकलुकले, निरांजनांसारखे.

येसू घाबरली का? घाबरली तर! पण मागे नाही फिरली. म्हणाली, "दादा, खरं सांग. तू आम्हाला खाली टाकणार आहेस का?"

नाग म्हणाला, "वेडे, टाकीन कशाला? तुझी लेक मांडीवर झोपते, तुझी मांडी अवघडते. मग तू लेकीला फेकून देतेस का?"

"नाही. दुसऱ्या मांडीवर घेते."

"मीही तेच करतो. पृथ्वी एका फण्यावरून दुसऱ्या फण्यावर घेतो. तुझ्या पणजीच्या आधीपासून करतोय. मागचे ते तीन हिसके म्हणजे नुसत्या मुंग्या आल्या होत्या. खरा फणा बदलायचा अजून राहिलाय. आज बदलतो."

"आज नको!" येसू ओरडली. "दादा, हलायचंच नाही असं नाही का करता येणार?"

"नाही, येसू. तेवढं मागू नकोस."

येसूने डोळे पुसले. मग म्हणाली, "बरं. हलणार असशील तर हल. पण पंचमीपर्यंत थांब. त्या दिवशी आम्ही बायका तुझ्याकडे येतो. बायकांच्या मागे पोरं येतात, पोरांच्या मागे बाप्ये येतात. घरात कुणी नसतं."

नाग म्हणाला, "पंचमीला ऊन डोक्यावर येईपर्यंत कळ काढतो. त्यापुढे नाही निभायचं. ही माझी तुला ओवाळणी."

मग येसू वर आली. विहिरीवर बायकांना म्हणाली, "पंचमीला दुपारी धरणी हलणार. सगळ्यांनी बाहेर थांबायचं." चांगलं सरळ सांगितलं. पण एकीने दुसरीला सांगितलं, "घरं पडणार." दुसरीने तिसरीला सांगितलं, "गाव गडप होणार." राजवाड्यापर्यंत बातमी गेली ती अशी, की पंचमीला जग बुडणार! आणि बाहेर थांबायचं, हे मात्र वाटेतच राहिलं.

मग काय, हाहाकार! कुणी पेरणी सोडली. कुणी बियाणं शिजवून खाल्लं. राजाने दवंडी पिटवली, "पंचमीला सगळ्यांनी माझ्या दरबारात येऊन बसा. सगळ्यांत जड माळवद माझं आहे!"

येसूने ते ऐकलं आणि मटकन खाली बसली. अरे देवा! दिवस तिनेच मागून घेतला होता आणि नेमका त्याच दिवशी अख्खा गाव दगडांखाली बसणार होता. पण बसून राहते ती येसू कसली! उठली आणि राजाकडे जाऊन म्हणाली, "माळवदाखाली नको, सगळे बाहेर थांबू." राजा म्हणाला, "गप्प बस." दुसऱ्या दिवशी गेली. राजा म्हणाला, "वेडी आहेस." तिसऱ्यांदा गेली, तर दारावरच्या शिपायाने आतच सोडलं नाही.

पंचमी उजाडली. सगळे दरबारात. पोरं रडतायत, माणसं देव देव करतायत. ऊन चढत चाललं. येसूने लेकीला पाठीशी बांधलं, हातात दूध-लाह्यांची वाटी घेतली आणि दरबाराच्या मधोमध उभी राहिली.

म्हणाली, "बायांनो, आज पंचमी. आज आपण चिरलं नाही, तव्यावर काही भाजलं नाही. मी पहाटे उठून पुरणाची दिंडं उकडलीत. टोपली वारुळाशी ठेवून आलेय. जग बुडायचं असेल तर बुडू दे. पण भावाला न पूजता बुडायचं? कुण्या बहिणीने केलं होतं असं?"

मग एक बाई उठली. मग दुसरी उठली. मग राजाची म्हातारी आई काठी टेकत उठली. "माझाही भाऊ आहे तो," म्हणाली आणि निघाली. तिला कोण अडवणार? बायका निघाल्या. बायकांच्या मागे, दिंडांच्या नावाने, पोरं निघाली. पोरांच्या मागे बाप्ये निघाले. येसूच्या नवऱ्याने आईला पाठुंगळी घेतलं.

राहिला एकटा राजा. "मी नाही येत जा!" म्हणाला. ऊन डोक्यावर यायला आलं होतं. त्याची आई मागे फिरली, राजाचा कान धरला आणि ओढत घेऊन आली. हो, मुकुटासकट!

माळावर कडुलिंबाला झोके बांधले होते. बायकांनी फेर धरला. येसूने वारुळाशी वाटी ठेवली आणि म्हणाली, "दादा, आलो रे सगळे."

आणि धरणी हलली. अशी हलली की उभी माणसं बसली. झोके आपोआप वर गेले. तिकडे गावात माळवदं कोसळली. माती, दगड, जाती, उखळं, राजाचा दरबार, सगळं धडाधड खाली आलं. धुळीचा ढग उठला. लोकांनी डोळे गच्च मिटले. आलं म्हणाले जग बुडायला!

मग थांबलं. वारुळातून कुणीतरी "हुश्श" केलं.

लोकांनी हळूच डोळे उघडले. वर आभाळ होतं. खाली जमीन होती. पोरं मोजली, सगळी होती. घरं नव्हती, पण घरात कुणीच नव्हतं. आणि येसूच्या लेकीने भोकाड पसरलं, भूक लागली म्हणून. येसू तिला छातीशी धरून इतकी रडली, इतकी रडली, की राजालाही रडू फुटलं.

राजाने डोळे पुसले. म्हणाला, "येसूबाई, आता वजन किती ठेवायचं?"

येसू म्हणाली, "उचलून बाजूला फेकता येईल एवढंच."

मग सगळ्यांनी पोटभर दिंडं खाल्ली आणि कामाला लागले. काटक्या विणून कुडाच्या भिंती केल्या, वर गवताची हलकी छपरं घातली. राजानेही स्वतः कूड विणला, वाकडातिकडा. उरलेलं बियाणं वाटून घेतलं आणि पेरलं. नागदादा पुढेही कधीमधी हलला. लोक बाहेर यायचे, थांबायचे आणि परत घरात जायचे. असे ते सगळे सुखात राहिले.

काय रे बाळ्या? पुन्हा हलेल का, म्हणतोस? हलेलही. खोटं कशाला सांगू! वर बघ, काय आहे? नुसता पत्रा. माती नाही, दगड नाही. दाराला कडी घातलीय का? नाही घातली. आणि दाराशी कोण झोपणार आहे? मी. हललं तर एक हात तुझा धरीन, एक वैशूचा, आणि आपण तिघं अंगणात जाऊन उभे राहू. त्याचा फणा बदलून झाला की परत येऊन झोपू.

मिटा आता डोळे. सकाळी वाल पेरायचेत.