चिमीचं पिल्लू आणि गारठलेली लाल गाडी

पाचगणीच्या टेकडीवर एक गॅरेज. गॅरेजात एक लाल गाडी. बुटकी गाडी, जुनी गाडी, शर्यतीत पळायची ती गाडी.

आणि कोपऱ्यात, चिंध्यांच्या ढिगात, राहायची चिमी चिचुंद्री. लांब नाक, बारीक डोळे, आणि तीन इवली पिल्लं.

एके सकाळी काय गारठा पडला! हू हू हू!

चिमी पिल्लांना घेऊन निघाली. पुढे चिमी. चिमीला तोंडानं धरून एक पिल्लू. त्याला धरून दुसरं. त्याला धरून तिसरं. तुरुतुरु, तुरुतुरु.

तिसऱ्या पिल्लाची पकड सुटली.

धप्प!

जमिनीत होता खड्डा. पिल्लू पडलं खड्ड्यात.

"आई! चुक चुक चुक!"

चिमीनं दोन पिल्लं चिंध्यांत लपवली. धावत मागे वळली. तेवढ्यात दार वाजलं. कर्रर्र! मुकुंदकाका आले. लाल गाडी त्यांचीच. त्यांनी गाडी दाराकडे ढकलली.

गडगड, गडगड... थप्प!

चाक बसलं नेमकं खड्ड्यावर. खड्डा बंद. पिल्लू आत.

काकांनी पुन्हा ढकललं. हय्या! गाडी हलेना.

"सुरूच करतो आता," काका म्हणाले. आत बसले, किल्ली फिरवली.

खर्र खर्र खर्र खर्र... फुस्स!

गाडी सुरू होईना.

चिमी गेली चाकाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाका, चाका, सरक ना! माझं पिल्लू खड्ड्यात!"

चाक म्हणालं, "मी नाही सरकणार. मला इंजिन फिरवतं. इंजिन जागं होईना, मग मी कसं सरकू?"

खालून आवाज आला, "चुक चुक चुक!"

चिमी चढली इंजिनावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"इंजिना, इंजिना, जागं हो ना!
माझं पिल्लू खड्ड्यात,
चाक काही सरकेना!"

इंजिन थंडीनं कुडकुडत होतं. कुडकुड, कुडकुड. "मी नाही जागं होणार. गारठ्यात मला पेट्रोल जास्त लागतं. फवारा उडेना, मग मी कसं जागं होऊ?"

खर्र खर्र खर्र... फुस्स!

चिमी गेली फवाऱ्याकडे. पेट्रोल उडवणारा तो फवारा. तुरुतुरु, तुरुतुरु.

"फवाऱ्या, फवाऱ्या, उड ना!
माझं पिल्लू खड्ड्यात,
चाक काही सरकेना,
इंजिन जागं होईना!"

फवारा म्हणाला, "मी नाही उडणार. मी थंडीतला फवारा. थंडी पडली, हे मला बटण सांगतं. बटण बोलेना, मग मी कसा उडू?"

खालून आवाज आला, "चुक चुक." आता जरा बारीक.

 

चिमी गेली बटणाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बटणा, बटणा, बोल ना!
माझं पिल्लू खड्ड्यात,
चाक काही सरकेना,
इंजिन जागं होईना,
फवारा काही उडेना!"

बटण चिडलं. "मी नाही आता बोलणार! केव्हापासून ओरडतंय, थंडी आहे, थंडी आहे! माझा निरोप वायर नेईना, मग मी कशाला बोलू?"

खर्र खर्र... फुस्स!

आता गाडीचाही आवाज बारीक झाला. बॅटरी दमली होती बिचारी.

चिमी गेली वायरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायरी, वायरी, निरोप ने ना!
माझं पिल्लू खड्ड्यात,
चाक काही सरकेना,
इंजिन जागं होईना,
फवारा काही उडेना,
बटण काही बोलेना!"

वायर म्हणाली, "मी नाही नेणार. निरोप इथवर आणते, आणि इथेच अडतो. पुढे पिन घेईना, मग मी कुठे नेऊ?"

खालून आवाज आला.

"चुक."

एकच चुक.

"आले रे बाळा, आले!" चिमी ओरडली. चिमी गेली पिनेकडे. तुरुतुरुतुरुतुरु!

"पिने, पिने, निरोप घे ना!
माझं पिल्लू खड्ड्यात,
चाक काही सरकेना,
इंजिन जागं होईना,
फवारा काही उडेना,
बटण काही बोलेना,
वायर निरोप नेईना!"

वायरीच्या टोकाला पिन होती इवलीशी. आणि पिन होती हिरवी हिरवी.

पिन रडत म्हणाली, "मी नाही घेणार. बघ माझ्या अंगावर किती गंज! श्वाससुद्धा घेता येईना. मला कुणी पुसेना, मग मी निरोप कसा घेऊ?"

चिमीनं नाकानं पुसलं. गंज जाईना. पंजानं खरवडलं. गंज जाईना.

खालून आवाज आलाच नाही.

तेवढ्यात गाडीचं झाकण उघडलं. लख्ख उजेड! समोर शैलाकाकू. गाडीचं दुखणं काकूच ओळखायच्या.

"अहो, थांबा! किल्ली फिरवू नका," काकू म्हणाल्या. "बॅटरी मरेल अशानं."

काका खाली उतरले. आत डोकावले. आणि ओरडले, "चिचुंद्री! शैला, मागे हो! झाडू कुठंय?"

काकांनी झाडू उचलला. उंच उचलला.

 पळू का? चिंध्यांत लपू का? पण मग पिल्लाचं काय?

चिमी पळाली नाही. पिनेवर नाक ठेवलं आणि ओरडली,

"काकू, काकू, पिन पुसा ना!
माझं पिल्लू खड्ड्यात,
चाक काही सरकेना,
इंजिन जागं होईना,
फवारा काही उडेना,
बटण काही बोलेना,
वायर निरोप नेईना,
पिन काही घेईना!"

माणसांना काय ऐकू आलं? नुसतंच चुक चुक चुक चुक.

काकूंनी काकांचा हात धरला. "अहो, थांबा जरा. ही पळत का नाही?"

"चावेल ती तुला!"

"नाही चावत. बघा, एकाच जागी नाक लावून बसलीय. काय आहे तिथं?"

काकूंनी टॉर्चचा झोत टाकला. वाकून पाहिलं.

"अगं बाई! ही पिन बघा. हिरवीगार झालीय! म्हणून गाडी रुसली होय!"

काकांनी झाडू खाली ठेवला.

काकूंनी पिन काढली. पॉलिश पेपर घेतला. घसर घसर, घसर घसर. हिरवं गेलं. पिवळं चकचकीत पितळ दिसलं. काकूंनी पिन परत लावली. खट्ट!

"आता फिरवा किल्ली. पण एकदाच हं. बॅटरीत फार जीव नाही उरला."

काका आत बसले.  चिमी उडी मारून चाकापाशी गेली आणि तिथेच थांबली.

काकांनी किल्ली फिरवली.

खर्र...

खर्र...

खर्...

बटण बोललं, "थंडी आहे!"
वायरीनं निरोप नेला,
बटण बोललं, "थंडी आहे!"
फवारा उडाला, फुर्रर्र!
इंजिन जागं झालं, भुर्रुम!

भुर्रुम! भुर्रुम! भुर्रुम!

चाक सरकलं. हळूच सरकलं. खड्डा उघडला.

चिमीनं खड्ड्यात उडी घेतली. पिल्लाची मान तोंडात धरली. वर आली. धावत चिंध्यांत शिरली.

पिल्लू गार. पिल्लू गप्प.

चिमीनं त्याला चाटलं. नाक चाटलं, पोट चाटलं, पाय चाटले. कुशीत घेतलं. घट्ट घेतलं.

काका गाडीतून उतरून आले. काकू आल्या. दोघं गुडघ्यावर बसले.

"अरे देवा," काका हळूच म्हणाले. "हिचं पिल्लू होतं खाली! आणि मी झाडू उगारला."

काकांनी गळ्यातला लोकरीचा मफलर काढला. अजून ऊन ऊन होता तो. चिंध्यांवर अलगद पसरला. काकूंनी खड्ड्यावर जाड फळी ठेवली.

 गाडी गुरगुरत होती. भुर्र भुर्र, भुर्र भुर्र.

मफलराखाली काहीतरी हललं.

एक इवलं नाक बाहेर आलं.

"चुक!"

चिमीनं त्याला पटकन आत ओढलं आणि दूध पाजलं.

गाडी गेली घाटात,
पिल्लू झोपलं लोकरीत,
आणि गोष्ट बसली तुमच्या मुठीत. मिटा बघू मूठ!