अस्वलाचा ट्रॅक्टर आणि घोरपडीची नजर

एका जंगलाच्या कडेला एक अस्वल राहत असे आणि मुलांनो, नवल म्हणजे त्याच्याकडे चक्क ट्रॅक्टर होता! सिंहमहाराजांनी त्याला बजावले होते, "दिवस मावळायच्या आत ओढ्याकाठचे शेत नांगरलेस तर ते तुझे. नाहीतर कोल्ह्याचे." अस्वलाला तिथे आपल्या दोन पिल्लांसाठी भुईमूग पेरायचा होता. त्याने लोखंडी नांगर लांबलचक साखळीने ट्रॅक्टरला बांधला आणि मोठ्या ऐटीत गाडी सुरू केली. पण कसले काय! नांगर मातीत रुतून बसला आणि मागची चाके जागच्या जागी गरगर फिरू लागली.

कोल्हा टपूनच बसला होता. तो गोड आवाजात म्हणाला, "अरे, वजन कमी पडतंय. त्या झाडावरच्या वानरांना बसव की पुढे बॉनेटवर!" अस्वल भोळे. त्याने दहा वानरे पुढे बसवली. झाले! पुढची चाके दबली, मागची आणखी हलकी झाली आणि उडालेल्या चिखलाने अस्वलाचेच तोंड माखले. वानरांना मात्र भारी मजा वाटत होती. सूर्य डोंगराकडे कलला, तसा अस्वलाचा धीर सुटला. पिल्लांना काय सांगायचे, या विचाराने त्याला रडूच कोसळले.

बांधावर एक घोरपड ऊन खात पडली होती. तिच्या आळसाला सारे जंगल हसे. पण पकड म्हणजे काय, हे घोरपडीहून जास्त कोणाला ठाऊक असणार? ती म्हणाली, "अस्वलदादा, इंजिनात जोर आहे, पण चाकांना माती धरता येत नाही. भार मागे हवा आणि तू तो पुढे चढवलास! वानरांना उतरव. साखळी निम्मी कर आणि ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या आकड्यातून काढून वरच्या आकड्यात अडकव. ओढ तिरपी लागली, की नांगरच मागची चाके खाली दाबेल."

"आणि पार वर, सीटलाच बांधली तर, घोरपडताई?"

"मग ट्रॅक्टर घोड्यासारखा उभा राहील आणि तू पाठीवर आपटशील!"

अस्वलाने घोरपडीचे ऐकले. चाके क्षणभर घसरली, मग त्यांनी माती घट्ट धरली आणि ट्रॅक्टर निघाला! नांगरामागे काळीभोर माती उलटत गेली. शेवटचा कोपरा नांगरून झाला, तेव्हा सूर्य अजून डोंगरावर होता. कोल्हा शेपूट घालून पळाला. अस्वलाने घोरपडीला खांद्यावर घेऊन साऱ्या शेतातून मिरवले, पुढे पिल्ले नाचत होती. सगळ्यांत मोठ्याने जयजयकार केला तो वानरांनी!

तात्पर्य : नुसता जोर असून भागत नाही, तो कुठे आणि कसा जुंपायचा, हे कळावे लागते.